रंग आधी लिहा

मासा समुद्रातून वर आला की त्याच्या अंगावरची माहिती दोन वेगांनी पुसली जाते. हाडं, काटे आणि खवले बरणीत शंभर वर्षं टिकतात. रंग मात्र काही तासांतच जायला लागतात. माशाच्या नव्या जातीचं वर्णन करणाऱ्याचं सगळं कसब या दोन वेगांशी जुळवून घेण्यात आहे. कोकणातल्या बंदरांवर ट्रॉलरच्या जाळ्यातला फुटकळ माल चाळण्यात, प्रयोगशाळेत काटे मोजण्यात आणि विद्यार्थ्यांची वर्णनं तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. उदाहरणं मुद्दाम छापून आलेल्या, जगाला ठाऊक असलेल्या माशांची घेतली आहेत, म्हणजे कुणालाही ती पडताळून पाहता येतील.

१. बर्फाआधी वही काढा

इंडोनेशियातल्या अंबोन बंदरात जानेवारी २००८ मध्ये डायव्हर लोकांना उथळ पाण्यात मुठीएवढा एक विचित्र मासा दिसला. फ्रॉगफिश म्हणजे बेडूकमाशांच्या कुळातला तो होता, पण ओळखीच्या कोणत्याच जातीशी जुळत नव्हता. त्याचे फोटो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेड पीट्श यांच्याकडे गेले. या कुळाचा त्यांच्याइतका अभ्यास केलेला माणूस क्वचितच सापडेल. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, पीट्श, रेचल आर्नल्ड आणि छायाचित्रकार डेव्हिड हॉल यांनी 'कोपिया' या नियतकालिकात त्या माशाचं वर्णन छापलं आणि त्याला 'हिस्टिओफ्राईने सायकेडेलिका' हे नाव दिलं.

मला या कथेचा आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हाच मासा १९९२ साली जिवंत माशांच्या व्यापारातून डॅलसला पोचला होता आणि त्याचे दोन नमुने खुद्द पीट्श यांच्या संग्रहात तेव्हापासून होते. जगातला सगळ्यात जाणता माणूस, हातात नमुना, आणि तरीही तो नव्या जातीचा आहे हे पंधरा-सोळा वर्षं कळलं नाही. कारण साधं आहे. त्याच्या अंगावरचे पट्टे जतनाच्या द्रवात काही दिवसांत नाहीसे होतात. बरणीत उरतो तो पांढुरका, सुरकुतलेला, कुठल्याही बेडूकमाशासारखा दिसणारा मासा. अंबोनचे फोटो आल्यावर ते जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्या पट्ट्यांच्या खुणा दिसल्या. काय शोधायचं हे माहीत झालं आणि मग ते सापडलं.

हे का घडतं ते विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी समजावून सांगते. माशाचे पिवळे, नारिंगी आणि लाल रंग बऱ्याच अंशी कॅरोटिनॉइड या द्रव्यांचे असतात. मासा ती स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातून मिळवतो. ही द्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळतात. काळा आणि तपकिरी रंग मेलॅनिनचा, तो टिकतो. चंदेरी आणि बहुतेक निळे रंग द्रव्याचे नसतातच. कातडीतल्या ग्वानिनच्या बारीक स्फटिकांवरून प्रकाश परतण्याच्या रीतीमुळे ते दिसतात आणि कातडीची घडण बदलली की फिके पडतात. म्हणून बरणीतल्या जुन्या माशावर फक्त काळी नक्षी उरते, आणि ती पाहून लिहिलेलं वर्णन अर्धंच असतं.

याला अपवाद आहेत. टांझानियात झांझिबारजवळ सापडलेला 'सिऱ्हिलॅब्रस वाकांडा' २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याच्या खवल्यांचा गडद जांभळा रंग इतका पक्का आहे की अल्कोहोलमध्येही तो राहतो. पण तो टिकतो हेच वर्णनात नोंदवावं लागलं, इतकी ती गोष्ट दुर्मीळ आहे.

म्हणून माझा नियम असा: होडीवर किंवा धक्क्यावर, मासा बर्फात जाण्याआधी, पेन्सिलीने रंग लिहायचे. जिवंत असतानाचे, मेल्याबरोबरचे, फॉर्मलिनमधून काढल्यावरचे आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावरचे, अशा चार वेगळ्या नोंदी. छापील वर्णनातही 'जिवंतपणीचा रंग' आणि 'जतन केल्यावरचा रंग' असे दोन परिच्छेद वेगळे असतात. त्यातला पहिला धक्क्यावर लिहिला गेला नाही तर नंतर कधीच लिहिता येत नाही.

२. रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगा

'आकर्षक रंगाचा', 'सुंदर पट्ट्यांचा' असं कुणी लिहून आणलं की मी वही परत देते. सौंदर्य मलाही दिसतं, त्यासाठीच तर या कामात आले. पण वाचणाऱ्याच्या समोर मासा नसतो; त्याला वाक्यांवरून मासा उभा करायचा असतो.

अंबोनच्या माशाचं उदाहरण घेऊ. अंग पिवळट तपकिरी ते फिकट नारिंगी. त्यावर पांढऱ्या, वळणदार पट्ट्या. त्या डोळ्यांभोवतून निघतात आणि मागे धड, शेपटी व परांपर्यंत पसरतात. प्रत्येक माशात पट्ट्यांची रचना वेगळी, त्यामुळे एकेक मासा ओळखता येतो. कातडी जाड, ढिली, घड्याघड्यांची. परही त्या घड्यांत बरेचसे झाकलेले. चेहरा रुंद आणि चपटा, डोळे बाजूला नसून समोर पाहणारे. शेवटची गोष्ट माशांमध्ये फारच विरळा. इतकं लिहिलं की ज्याने तो मासा पाहिला नाही तोही त्याचं चित्र काढू शकतो. चांगल्या वर्णनाची माझी परीक्षा हीच: शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मासा न बघता, फक्त वाचून चित्र काढावं.

सरावासाठी नवा मासा लागत नाही. राणी घ्या. आपल्या बाजारात रोज येणारा गुलाबी मासा, शास्त्रीय नाव 'नेमिप्टेरस जपोनिकस'. गुलाबी म्हणून सोडून देऊ नका. पाठ गुलाबी, पोटाकडे चंदेरी. कल्ल्यामागून शेपटीच्या बुडापर्यंत सोनेरी पिवळ्या रेघा, सुमारे अकरा-बारा. पार्श्वरेषा जिथे सुरू होते तिथे तांबूस पिवळा ठसा. शेपटीच्या वरच्या पाकळीचं टोक दोऱ्यासारखं लांब वाढलेलं, आणि तो दोरा पिवळा. आता त्याच पाटीत 'नेमिप्टेरस रँडाली' शोधा. आपल्या किनाऱ्यावर तोही मुबलक आहे आणि बाजारात त्यालाही राणीच म्हणतात. त्याच्या शेपटीचा दोरा लाल असतो. या गटात पृष्ठपराचे दहा काटे आणि नऊ मऊ किरण, गुदपराचे तीन काटे आणि सात किरण, हा हिशेब सगळ्या जातींत सारखाच येतो. मोजून काही कळत नाही. रंग पाहूनच जात ठरवावी लागते. दोऱ्याचा पिवळा आणि लाल हा भेद बर्फात दिवसभर पडलेल्या माशात पुसट होतो. म्हणून पहाटेच्या लिलावाला या, असं मी सांगते.

३. फोटो डाव्या कुशीचा, पर उघडे

माशाचा फोटो आणि चित्र डाव्या बाजूचं, डोकं डावीकडे, ही जगभरची रीत आहे. म्हणून डीएनए तपासणीसाठी स्नायूचा तुकडा किंवा पराचा कोपरा कापायचा तो उजव्या बाजूचा. पर मिटलेले असले की निम्मे रंग लपून राहतात. मेणाच्या किंवा फोमच्या तक्त्यावर मासा आडवा ठेवून बारीक टाचण्यांनी पर पसरवायचे, ब्रशने त्यांच्यावर थोडं फॉर्मलिन लावायचं, म्हणजे ते उघडेच ताठ होतात. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवल्याशिवाय फोटो घेऊ नये. पिवळ्या दिव्याखाली काढलेला मासा पिवळाच दिसतो.

समुद्राखालच्या फोटोबद्दल आणखी एक. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. दहा मीटरच्या आसपास लाल बहुतेक संपतो. पन्नास मीटरवर राहणारा लालभडक मासा तिथे करडा किंवा काळसर दिसतो. फ्लॅश पेटला की तो लाल होतो. दोन्ही दृश्यं खरी आहेत. एक माशाच्या कातडीबद्दल सांगतं, दुसरं त्याच्या जगण्याबद्दल. नोंदवहीत कोणतं दृश्य कोणत्या उजेडात पाहिलं ते लिहा.

४. मोजणीला पर्याय नाही

वरच्या राणीच्या उदाहरणाने कुणाचा गैरसमज नको. रंग जिथे काहीच सांगत नाही अशी उदाहरणं आपल्या ताटातच आहेत. पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केलं. हा चंदेरी मासा वर्षानुवर्षं 'पॅम्पस अर्जेंटियस' या नावाने नोंदला जात होता. उत्तर हिंदी महासागरातला पापलेट ही वेगळी जात आहे, असं २०१९ मध्ये संशोधकांनी शरीररचना आणि डीएनए यांच्या आधारे दाखवलं आणि फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांच्या काळातलं 'पॅम्पस कँडिडस' हे जुनं नाव पुन्हा उभं केलं. इतका खपणारा, इतका चर्चेत असलेला मासा, आणि त्याची ओळख आत्ता नीट लागते आहे. रंगावरून ती लागलीच नसती, दोन्ही चांदीसारखेच.

मोजण्याचे नियम ठरलेले आहेत. शरीराची प्रमाणित लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या हाडापर्यंत. शेपटीचा पर त्यात धरत नाहीत, कारण तो फाटतो, तुटतो. डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, शरीराची उंची ही सगळी त्या लांबीच्या किंवा डोक्याच्या प्रमाणात सांगायची, म्हणजे लहान-मोठ्या माशांची तुलना करता येते. परांचे टणक काटे रोमन अंकांत, मऊ किरण साध्या अंकांत. पार्श्वरेषेवरचे खवले, पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरचे दातांसारखे काटे (गिल रेकर). एकाने मोजायचं, दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं. शेवटचा किरण बुडाशी दुभंगलेला असतो. तो एक धरला की दोन, हे वर्णनात स्पष्ट लिहायचं. या एका किरणावरून नव्या जातीचे वाद झालेले मी पाहिले आहेत.

५. नर, मादी आणि पिल्लू एकाच जातीचे आहेत याची खात्री करा

रंगावर विसंबण्याचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. एकाच जातीचे मासे वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे इतके बदलतात की जुन्या अभ्यासकांनी त्यांना निरनिराळी नावं दिली. सम्राट एंजलफिशचं नाव जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी १७८७ मध्ये दिलं: पिवळ्या-निळ्या आडव्या रेघांचा मोठा मासा. त्याचं पिल्लू गडद निळं, त्यावर एकात एक पांढरी वर्तुळं. त्या पिल्लाला १८०१ मध्ये निकोबारच्या नावाने वेगळी जात ठरवलं गेलं. पोपटमाशांच्या कुळात तर नराला एक आणि मादीला दुसरं नाव असे कित्येक प्रकार झाले, कारण तिथे मादीच पुढे नर होते आणि त्याबरोबर सगळा पोशाख बदलते.

मालदीवचा गुलाबी रास (इंग्रजीत 'wrasse' म्हणतात त्या कुळातला मासा) हे याचं अलीकडचं उदाहरण, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या वर्णनांपैकी सगळ्यात शिकवणारं. १९८३ मध्ये रँडल आणि एमरी यांनी चागोस बेटांवरून 'सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वॅमिस' ही जात वर्णन केली. त्यांच्याकडे एकच नमुना होता, तोही पिल्लू. पुढे १९९०च्या दशकात उत्तरेला मालदीवमध्ये मोठे मासे दिसले. रंग देखणे, गुलाबी, नारिंगी, किरमिजी आणि नराच्या अंगावर गडद जांभळट लाल. सगळ्यांनी गृहीत धरलं की हे त्या पिल्लाचेच मोठे झालेले भाऊबंद. चागोस आणि मालदीव एकाच बुडालेल्या डोंगररांगेवर आहेत, आपलं लक्षद्वीपही तिच्यावरच. त्यामुळे शंका घ्यायला कुणाला कारण वाटलं नाही.

यी-काई टी, अहमद नजीब, लुईझ रोचा आणि त्यांचे सहकारी यांनी पिल्लाची पिल्लाशी आणि मोठ्याची मोठ्याशी तुलना केली. परांचे किरण मोजले, नराच्या पाठीवरच्या काट्यांची उंची मापली, खवले मोजले, डीएनए पाहिला. मालदीवचे मासे वेगळे निघाले. २०२२ मध्ये 'सिऱ्हिलॅब्रस फिनिफेनमा' हे नाव जाहीर झालं. हे मासे साधारण चाळीस ते सत्तर मीटर खोलीवर राहतात, म्हणजे सर्वसाधारण डायव्हरच्या आवाक्याबाहेर आणि पाणबुडीच्या दृष्टीने फारच वर. या मधल्या पट्ट्यात पाहायला माणसं कमी जातात.

यातून मी धडा घेतला तो असा: एका नमुन्यावर वर्णन लिहायची वेळ आली तर त्याचं वय आणि लिंग पहिल्या ओळीत लिहा. जननग्रंथी उघडून पाहिल्याशिवाय 'नर' लिहू नका. आणि शक्य असेल तोवर थांबा, दुसरा नमुना मिळवा. जातीचं नाव एका माशावर बांधलेलं असतं, ज्याला होलोटाइप म्हणतात. पण जातीची ओळख एका माशावर बांधली की पुढची चाळीस वर्षं लोक चुकीच्या घराचं दार ठोठावत राहतात.

६. मणके मोजायला मासा चिरू नका

क्ष-किरण काढा. मणके, काट्यांची मुळं, परांना आधार देणारी हाडं, सगळं एका फिल्मवर दिसतं आणि नमुना अखंड राहतो.

७. मासा हलताना पाहा, मग हाडांचा अर्थ लागतो

अंबोनच्या माशाचे पर पायांसारखे आहेत, हे बरणीतही दिसतं. कल्ल्यांची छिद्रं बारीक आहेत, हेही दिसतं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध पाण्यातच कळला. तो मासा पोटाखालच्या परांनी तळाला ढकलून उसळी घेतो आणि त्याच क्षणी कल्ल्यांच्या छिद्रांतून पाणी जोरात मागे फेकतो. शेपटी एका बाजूला वळवलेली. त्यामुळे तो तळावरून टप्पे खात जातो आणि पाहणाऱ्याला वाटतं की याचा तोल गेला आहे.

बेडूकमाशांच्या कपाळावर सहसा एक काठी असते, टोकाला आमिष. ती हलवून ते शिकार जवळ बोलावतात. हा मासा तसा उघड्यावर बसून आमिष हलवत नाही. तो पोवळ्यांच्या आणि दगडांच्या फटीत शिरतो. कातडीच्या जाड, मऊ घड्या तिथे खरचटण्यापासून वाचवत असाव्यात. इतर बेडूकमासे भोवतालाप्रमाणे रंग बदलतात. याचे पट्टे मात्र जागा बदलली तरी तसेच राहतात. ते पोवळ्याच्या वळणदार रेघांसारखे दिसतात, म्हणून अभ्यासकांनी नक्कल हे कारण सुचवलं. समोर पाहणारे डोळे, फटीत शिरणारं चपटं तोंड, घड्यांची कातडी, न बदलणारे पट्टे: प्रत्येक गोष्ट सुटी लिहिली की विचित्र वाटते. एकत्र लिहिली की एका जगण्याची रीत दिसते. शरीररचनेचा परिच्छेद लिहिताना हा क्रम डोक्यात ठेवला तर वर्णन कोरडं होत नाही. मात्र पाहिलेलं आणि तर्काने काढलेलं एकाच वाक्यात मिसळायचं नाही. 'घड्या आहेत' हे एक वाक्य, 'वाचवत असाव्यात' हे दुसरं.

८. बंदरावरच्या माणसांना विचारा, आणि त्यांच्यापर्यंत परत जा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पाट्या निवडणाऱ्या मावशींना मी विचारायचे, "मावशी, हा कुठला?" कधी नाव मिळायचं, कधी मिळायचं नाही. पण "हा आमच्याकडे पावसाच्या आधी येतो" किंवा "ह्याचा काटा लागला की हात सुजतो" असं काही ना काही हमखास मिळायचं. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, खोली वावांत सांगतात, जाळं कोणतं होतं ते सांगतात, तळ चिखलाचा की खडकाळ तेही सांगतात. हे सगळं नमुन्याच्या चिठ्ठीवर गेलं पाहिजे. चिठ्ठी पेन्सिलीने, चिवट कागदावर, आणि बरणीच्या आत. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठ्या दमट हवेत गळून पडतात आणि मग मासा कुठला ते सांगणारं कुणी उरत नाही.

फिनिफेनमाच्या वर्णनात अहमद नजीब यांचं नाव आहे. मालदीवच्या पाण्यातल्या माशाचं वर्णन करण्यात मालदीवच्या शास्त्रज्ञाचा सहभाग ही पहिलीच वेळ होती. शोभेच्या माशांच्या व्यापारात मात्र तो मासा शास्त्रीय नाव मिळण्याआधीपासूनच विकला जात होता, आणि ही गोष्ट मला फार खटकते. वर्णन छापलं जात नाही तोवर त्या जातीचा माशांच्या गणनेत, संरक्षणाच्या यादीत, पकडण्याच्या नियमांत कुठेही वेगळा उल्लेख करता येत नाही. विकणाऱ्याला नावाची गरज नसते, वाचवू पाहणाऱ्याला असते.

म्हणून आता धक्क्यावर गेले की ओळखीच्या तांडेलांना मी तीन गोष्टी सांगते. अनोळखी रंगाचा मासा आला तर बर्फात टाकण्याआधी मोबाइलवर सावलीत, दिवसाच्या उजेडात त्याचा डाव्या कुशीचा फोटो. पर हाताने उघडून दुसरा फोटो. आणि जाळं किती वाव पाण्यात होतं ते त्याच वेळी बोलून रेकॉर्ड करणं. तरुण खलाशी हे आवडीने करतात, आणि त्यांनी पाठवलेल्या फोटोंतले रंग कित्येकदा आमच्या बरणीतल्या माशापेक्षा जास्त खरे असतात.